जुनी साडी, खण आणि गेरू : कमी खर्चात भिंतीसाठी कलाकृती कशी करावी

दिवाणखान्यातली मोठी भिंत वर्षानुवर्षे मोकळी राहते, कारण चांगले चित्र चौकटीसह घ्यायला गेले की त्याची किंमत सोफ्याच्या किमतीशी स्पर्धा करू लागते. बाजारात तयार मिळणारी, पाच तुकड्यांत कापलेली सात घोड्यांची छापील चित्रे स्वस्त असतात. परंतु ती बहुधा दाबलेल्या भुशाच्या फळीवर चिकटवलेली असतात आणि दोनतीन पावसाळ्यांत त्या फळीच्या कडा फुगून चित्राचा कागद सुटू लागतो. दुसरीकडे, बहुतेक मराठी घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात कोणी नेसत नाही अशी एखादी सुती नऊवारी, इरकल किंवा ओटीत आलेले आणि कधीच न शिवलेले खण पडून असतात. हे कापड विणकराने आधीच कलाकृती म्हणून विणलेले असते. आपल्याला फक्त ते सरळ कापून, नीट ताणून, योग्य उंचीवर टांगायचे आहे.

या लेखात मुख्यतः लाकडी चौकटीवर कापड ताणण्याची पद्धत दिली आहे. त्याच चौकटीवर मांजरपाट ताणून गेरूच्या पार्श्वभूमीवर ठिपक्यांची रांगोळी कशी रंगवावी, हे त्यानंतर येईल. घरगुती भिंतचित्र हौशी दिसते की देखणे, हे चित्रकौशल्यापेक्षा मोजमाप, कापडाचा ताण आणि टांगणी या तीन गोष्टींवर अधिक ठरते, असे माझे मत आहे; म्हणून लेखाचा बराचसा भाग त्यांनाच दिला आहे.

कापड कोणते घ्यावे

पहिल्या प्रयोगासाठी खणासारखे कापड नाही. कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात गुळेदगुड्ड येथे विणला जाणारा आणि महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चोळीसाठी वापरला गेलेला खण घट्ट विणीचा असतो, त्यावरची नक्षी बारीक आणि नियमित असते आणि त्यामुळे ताणताना तो फारसा वेडावाकडा होत नाही. आज खणाच्या नावाखाली पॉलिस्टरचे कापडही विकले जाते. भिंतीसाठी तेही चालते, पण त्याला एक प्रकारची चकाकी असते आणि दिव्याच्या उजेडात ती डोळ्यांत भरते. शक्य असल्यास कापड दुकानाबाहेर, दिवसाच्या उजेडात नेऊन पाहावे.

इरकल साडीचा पदर हा दुसरा उत्तम पर्याय होय. बागलकोट जिल्ह्यातल्याच इलकल गावच्या या साडीत अंगाचे आणि पदराचे उभे धागे वेगवेगळे असून ते एकमेकांत अडकवून पदर जोडलेला असतो. लाल पदरावरचे पांढरे पट्टे आणि दातेरी नक्षी इतकी ठसठशीत असते की ती खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही स्पष्ट दिसते. भिंतीवरच्या वस्तूसाठी हा गुण फार महत्त्वाचा आहे. जवळून सुंदर दिसणारी नाजूक बुट्टी आठदहा फुटांवरून नुसती धूसर वाटते. त्यामुळे कापड निवडताना ते खुर्चीवर टाकून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जावे आणि तिथून पाहावे.

सुती नऊवारी, चौकडीचे लुगडे, जाड विणीचे पंचे आणि उपरणी हीसुद्धा चालतात. पैठणीला मात्र हात लावू नये. तिची किंमत हे एक कारण झालेच, शिवाय जुने रेशीम घडीच्या रेषेवर कमकुवत झालेले असते आणि ताण बसताच नेमके तिथेच चिरते. घरातील कोणतेही जुने रेशमी कापड वापरण्यापूर्वी ते खिडकीसमोर उभे धरावे. घडीच्या जागी उजेडाच्या बारीक रेषा दिसल्या, तर ते कापड ताणण्यायोग्य राहिलेले नाही असे समजावे आणि पुन्हा घडी घालून ठेवावे.

कापड धुणे आवश्यक आहे. न धुतलेल्या नव्या सुती कापडात खळ असते आणि खळीच्या वासाने कसर लागते. रंग जाण्याची भीती असल्यास ओल्या पांढऱ्या फडक्याने एक कोपरा जोरात चोळून पाहावा. फडक्याला रंग लागला तर कापड एकटे, थंड पाण्यात, न पिळता धुवावे आणि सावलीत वाळवावे. इस्त्री उलट्या बाजूने करावी.

आकार आधी, खरेदी नंतर

घरगुती भिंतचित्रांत सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे लहान आकार. दहा फुटांच्या भिंतीवर ए-फोर कागदाएवढी चौकट लावली की ती तिथे विसरून राहिल्यासारखी दिसते. सोफ्यावर किंवा दिवाणावर काही टांगायचे असल्यास त्याची एकूण रुंदी खालच्या सामानाच्या सुमारे दोन तृतीयांश असावी, हा साधा हिशेब सहसा फसत नाही. सात फुटी, म्हणजे ८४ इंची सोफ्यासाठी ५६ इंचांच्या जवळपासची रुंदी येते. एवढी मोठी एकच चौकट घरी बनवणे कठीण असते, कारण ती पिळवटते. त्याऐवजी १८ इंच रुंद आणि २४ इंच उंच अशा तीन चौकटी शेजारीशेजारी, मध्ये दोन-दोन इंच जागा सोडून लावल्या, तर एकूण रुंदी ५८ इंच होते आणि काम एका माणसाच्या आवाक्यात राहते. पुढील सर्व मापे याच आकाराची आहेत.

खर्च करण्यापूर्वी जुन्या वर्तमानपत्रांचे १८ बाय २४ इंचांचे तीन तुकडे कापून ते कागदी चिकटपट्टीने भिंतीवर लावावेत आणि एखादा दिवस तसेच राहू द्यावेत. येताजाता पाहून आकार मोठा वाटतो की लहान, हे घरातली सगळी माणसे न विचारता सांगतात.

चौकट बनवणे

लाकडाच्या वखारीत किंवा हार्डवेअरच्या दुकानात पाइनच्या रंधा मारलेल्या पट्ट्या मिळतात. दीड इंच रुंद आणि पाऊण इंच जाड अशी आठ फुटी पट्टी एका चौकटीला बरोबर पुरते: २४ इंचांचे दोन उभे तुकडे, १५ इंचांचे दोन आडवे तुकडे आणि मधल्या आधारासाठी १५ इंचांचा आणखी एक, असे मिळून ९३ इंच होतात आणि उरलेले तीन इंच करवतीच्या चिरेत व टोकांच्या सफाईत जातात. पट्टी विकत घेताना ती डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहावे. बाक असेल तर दुसरी मागावी. वखारवाले कुरकुरतात, पण देतात. यंत्रमालाच्या खोक्यांचे पाइन त्याहून स्वस्त मिळते, मात्र त्यातले खिळे काढून आणि तुकडे वाळवून घ्यावे लागतात.

आडव्या तुकड्यांचे १५ इंच हे माप पट्टी नेमकी दीड इंच रुंद असेल तरच लागू होते. रंधा मारल्यावर ती बऱ्याचदा थोडी कमी भरते. म्हणून पट्टीची प्रत्यक्ष रुंदी मोजावी, तिची दुप्पट १८ मधून वजा करावी आणि येईल ते माप आडव्या तुकड्यांसाठी घ्यावे. घरी करवत नसेल तर मापांची चिठ्ठी देऊन सुताराकडून तुकडे कापून घेणे सोयीचे पडते. अशा वेळी ‘कापाला गुण्या (सुताराची काटकोनी पट्टी) लावून कापा’ एवढे आवर्जून सांगावे, कारण काप काटकोनात नसेल तर पुढचे कोणतेही कसब त्याला सरळ करू शकत नाही.

जोडणीपूर्वी दोन लहान कामे करावी लागतात आणि ती टाळल्यास त्यांची किंमत शेवटी मोजावी लागते. चौकटीच्या ज्या बाजूवर कापड येणार आहे, त्या बाजूची आतली कड काचकागदाने किंवा रंध्याने किंचित उतरती करावी, म्हणजे कापड फक्त बाहेरच्या कडेला टेकेल. ही कड तशीच ठेवली तर काही महिन्यांत कापडावर चारही बाजूंनी आतल्या चौकोनाची रेघ उमटते. बाहेरच्या कडा मात्र अगदी थोड्या, धार मोडण्यापुरत्या घासाव्यात.

आता दोन उभ्या तुकड्यांच्या मध्ये वर आणि खाली आडवे तुकडे ठेवून सांध्यांना फेव्हिकॉल लावावा आणि बाहेरच्या बाजूने प्रत्येक सांध्यात अडीच इंची एकेक खिळा ठोकावा. खिळ्यापूर्वी बारीक ड्रिलने छिद्र पाडून घेतल्यास पाइन फाटत नाही. गोंद ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजावेत. बाहेरून १८ बाय २४ इंच असलेल्या चौकटीचा कर्ण बरोबर ३० इंच असतो. त्यामुळे हा आकार निवडल्याचा एक फायदा असा की साध्या टेपने काटकोन तपासता येतो. एक कर्ण जास्त भरला तर त्या दोन कोपऱ्यांना धरून हलकेच दाबावे आणि दोन्ही कर्ण सारखे येईपर्यंत मोजत राहावे. मग आतल्या चारही कोनांत इंग्रजी एल अक्षराच्या आकाराच्या लोखंडी पट्ट्या बसवून अर्ध्या इंची स्क्रूने आवळावेत. मधली आडवी पट्टी शेवटी बसवायची असते आणि ती पुढच्या पातळीपासून दोनतीन मिलिमीटर मागे सरकवून ठोकायची असते, नाहीतर तीही कापडातून दिसते. फेव्हिकॉल पूर्ण वाळायला चौकट सपाट फरशीवर रात्रभर ठेवावी, उभी करून ठेवू नये.

कापड ताणणे

खण किंवा साडी थेट लाकडावर ताणू नये. आधी पांढऱ्या मांजरपाटाचे अस्तर ताणावे. पातळ कापडातून लाकूड दिसू न देणे हा त्याचा एक उपयोग. त्याखेरीज, कच्च्या लाकडातून उतरणारे पिवळे डाग वरच्या कापडापर्यंत पोहोचण्याआधी अस्तरावर थांबतात. अस्तरासाठी आणि वरच्या कापडासाठी २४ बाय ३० इंचांचे तुकडे लागतात, म्हणजे चारही बाजूंनी तीन-तीन इंच कापड मागे वळवायला मिळते. खण घेताना त्याचा पन्हा किमान २४ इंच आहे याची खात्री करून लांबी ३० इंचांपेक्षा थोडी जास्त घ्यावी. साधारण ४५ इंच पन्ह्याच्या साडीतून सहा फूट लांबीत तिन्ही चौकटींचे कापड निघते.

कापताना पट्टी आणि खडूवर विसंबून चालत नाही. धुतलेले कापड क्वचितच चौकोनी राहते. कडेला छोटी चीर देऊन एक आडवा धागा चिमटीत धरावा आणि हळूहळू ओढावा. धागा निघून गेला की कापडावर एक बारीक मोकळी रेष दिसते आणि तीच कापायची रेष असते. चौकडीच्या किंवा पट्ट्यांच्या कापडात हे केले नाही, तर चौकटीच्या एका बाजूला पट्टा सरळ आणि दुसऱ्या बाजूला बोटभर खाली उतरलेला दिसतो.

आता काठाची अडचण येते आणि इथे बहुतेकांची निराशा होते. साडीचा काठ कापडाच्या अगदी कडेला असतो, तर कडेचे तीन इंच चौकटीमागे जाणार असतात. म्हणजे ज्या काठासाठी साडी निवडली तोच भिंतीकडे तोंड करून बसतो. यावर उपाय सोपा आहे. काठाच्या कडेला मांजरपाटाची चार इंची पट्टी शिवणयंत्रावर जोडून घ्यावी आणि ती पट्टी मागे वळवून तिच्यात पिना माराव्यात. शिवण चौकटीच्या खालच्या कडेवर नेमकी येईल असे माप धरले, तर पूर्ण काठ समोर राहतो आणि जोड दिसत नाही. तीन चौकटींवर एकच काठ सलग न्यायचा असेल, तर तिन्ही तुकडे साडीतून ओळीने कापावेत आणि कापण्याआधी मागे पेन्सिलीने १, २, ३ असे लिहून ठेवावे.

ताणण्यासाठी आठ मिलिमीटर पिनांची स्टेपल गन सर्वांत सोयीची असते. ती शेजारून उसनी मिळाली तर उत्तम, कारण एरवी लाकडाखालोखाल तिचाच खर्च मोठा असतो. तिच्याऐवजी अर्ध्या इंची चुका (बारीक खिळे) आणि हलकी हातोडी यांनीही काम होते, फक्त वेळ जास्त लागतो. कापड टेबलावर उपडे पसरून त्यावर चौकट ठेवावी आणि कापडाचा तसेच चौकटीचा मध्य जुळवून पेन्सिलीने खुणा कराव्यात.

पहिली पिन वरच्या बाजूच्या मध्यावर मारावी. दुसरी तिच्या समोर, खालच्या बाजूच्या मध्यावर, कापड घट्ट ओढून. मग डावा मध्य आणि उजवा मध्य. चार पिना झाल्या की कापडावर समोरून चौफुलीसारखा हलका ताण दिसतो. यानंतर प्रत्येक बाजूला मध्याच्या दोन्ही अंगांना एकेक पिन, लगेच समोरच्या बाजूला तेवढ्याच, मग उरलेल्या दोन बाजूंना, असे करत कोपऱ्यांकडे सरकावे. दोन पिनांत दीड इंचाचे अंतर पुरते. एक बाजू आधी पूर्ण करून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण मग सारा ताण एकाच दिशेने जातो आणि नक्षी तिरकी ओढली जाते. दर दोन फेऱ्यांनी चौकट उलटून पुढून पाहावे. एखादा धागा कमानीसारखा वाकलेला दिसला तर त्या जागेच्या दोन पिना पक्कडीने काढून पुन्हा ओढावे. पिन धाग्यांना समांतर न मारता थोडी तिरकी मारावी, म्हणजे तिच्यात जास्त धागे सापडतात आणि ताणाने कापड फाटत नाही.

ताण किती असावा, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. अस्तराच्या मांजरपाटावर बोटाने टिचकी मारल्यास ढब असा आवाज आला पाहिजे. खण किंवा साडी मात्र एवढी ताणायची नसते. सुरकुती जाईल आणि नक्षीची रेष सरळ राहील इतकाच ताण तिला द्यावा.

कोपरे सर्वांत शेवटी येतात. कोपऱ्याचे टोक आधी तिरके आत ओढून एका पिनेने बसवावे, त्यानंतर वरचे कापड दुमडून घडीची रेष चौकटीच्या कडेबरोबर आणावी आणि मगच पिन मारावी. चारही कोपऱ्यांची घडी वर-खाली यावी, बाजूंना येऊ नये, कारण बाजूने पाहणाऱ्याला ती दिसते. खण जाड असल्यास आतले जास्तीचे कापड कापून टाकायला हरकत नाही, परंतु कापाची रेष कडेपासून किमान अर्धा इंच दूर ठेवावी.

कापड नसेल तर गेरू

ज्यांच्याकडे वापरण्याजोगी साडी नाही किंवा ज्यांना रंगांत हात घालायचा आहे, त्यांनी याच चौकटीवर नुसते मांजरपाट ताणून ते गेरूने रंगवावे. गेरू आणि पांढरा रंग म्हटले की वारली चित्र आठवते. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत लग्नाच्या वेळी झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने देवचौक (लग्नविधीची चौकोनी आकृती) लिहिण्याची ही परंपरा आहे. पुढे जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागद-कापडावर आणून जगापुढे नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्र हवे असेल तर ते तिथल्या चित्रकारांकडून विकत घ्यावे, असे मी सुचवेन. मोठ्या कागदी चित्रांची किंमत जास्त असली तरी लहान आकाराची चित्रे कमी पैशांत मिळतात, आणि त्रिकोणांची माणसे काढून आपण केलेली नक्कल कितीही नीट झाली तरी तिच्यात ती लय येत नाही. ठिपक्यांची रांगोळी मात्र आपल्या अंगणातली आहे आणि तिच्यात चित्रकौशल्याची उणीव ठिपकेच भरून काढतात.

ताणलेल्या मांजरपाटावर आधी एक भाग फेव्हिकॉल आणि चार भाग पाणी यांचे मिश्रण रुंद ब्रशने लावून वाळू द्यावे. यामुळे कापड आणखी आवळते आणि रंग मागे झिरपत नाही. वाटीभर गेरू पाण्यात रात्रभर भिजवून, दुसऱ्या दिवशी पातळ फडक्यातून गाळून घ्यावा. खडे राहिले तर ब्रशच्या रेघा पडतात. दाट ताकाइतपत सैल झालेल्या गेरूत तीन चमचे फेव्हिकॉल घालून एका टाकाऊ चिंधीवर लावून पाहावे. वाळल्यावर बोट फिरवले असता तांबडे लागले तर आणखी एक चमचा घालावा. पहिला हात आडवा आणि तो पूर्ण वाळल्यावर दुसरा हात उभा द्यावा. ओला गेरू चॉकलेटी दिसतो आणि वाळल्यावर उजळतो. त्यामुळे ओल्या रंगावरून घाईने निर्णय घेऊ नये.

१८ बाय २४ इंचांच्या चौकटीत ‘१५ ते ८’ ठिपक्यांची रांगोळी छान बसते. मधल्या ओळीत १५ ठिपके, मग वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी करत ८ पर्यंत, अशा एकूण १५ ओळी होतात आणि प्रत्येक ओळीतले ठिपके आधीच्या ओळीच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध येतात. ठिपक्यांतले अंतर २५ मिलिमीटर ठेवले, तर दोन ओळींमधले अंतर २२ मिलिमीटर धरावे लागते. हे दुसरे अंतरही २५ ठेवले तर षट्‌कोन उभा ताणला जातो आणि पाकळ्या बेढब होतात. या मापांनी रांगोळी साधारण ३५ सेंटिमीटर रुंद आणि ३१ सेंटिमीटर उंच भरते. ठिपके आधी पांढऱ्या खडूच्या टोकाने अगदी हलके द्यावेत. रेषांसाठी घर रंगवताना उरलेले पांढरे इमल्शन मेंदीच्या रिकाम्या कोनात भरून वापरावे. ब्रशपेक्षा कोनाने रेषेची जाडी एकसारखी राहते आणि मेंदी काढणाऱ्या हाताला तो सवयीचाही असतो. मधून सुरुवात करून बाहेर यावे, म्हणजे ओल्या रेषेवर हात पडत नाही. पारंपरिक तांदळाचे पीठ इथे वापरू नये. त्याला झुरळे आणि कसर लागतात. रांगोळीभोवतीची गेरूची मोकळी जागा मोकळीच ठेवावी, तिथे वेलबुट्टी काढण्याचा मोह चित्राचा घात करतो.

भिंतीवर टांगणे

अशी चौकट कापडासह साधारण किलोभर वजनाची असते. विटांच्या, गिलावा केलेल्या भिंतीत दीड इंची पोलादी खिळा तिच्यासाठी पुरेसा होतो. खिळा वाकत असेल आणि ठिणग्या उडत असतील, तर आपण सिमेंटच्या खांबावर किंवा तुळईवर ठोकत आहोत असे समजावे. तिथे सहा मिलिमीटरच्या बिटने ड्रिल करून, प्लास्टिकची गिट्टी (स्क्रू घट्ट धरणारी पोकळ खुंटी) बसवून स्क्रू लावावा. नव्या इमारतींतल्या हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांच्या भिंतीत नुसता खिळा सैल होतो, म्हणून तिथेही गिट्टीच वापरावी. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली कधीही छिद्र पाडू नये, कारण विजेच्या नळ्या बहुधा त्याच उभ्या रेषेत गेलेल्या असतात.

भाड्याच्या घरात चिकटणारे हूक वापरता येतात, पण ते गुळगुळीत इमल्शन रंगावरच टिकतात. चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर हूक रंगाचा पापुद्रा घेऊनच खाली येतो.

चौकटीच्या मागे, वरच्या कडेपासून सुमारे सहा इंचांवर दोन्ही उभ्या पट्ट्यांत कड्या बसवून त्यांत तार ओवावी. तार मध्यावर बोटाने वर ओढून धरावी आणि तिथपासून वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. ते तीन इंच आले असे धरू. सोफ्याची पाठ जमिनीपासून ३४ इंच उंच असेल आणि तिच्यावर ८ इंच जागा सोडली, तर चौकटीची खालची कड ४२ इंचांवर, वरची कड ६६ इंचांवर आणि खिळा ६३ इंचांवर येतो. खाली सामान नसलेल्या भिंतीवर चित्राचा मध्य ५७ इंचांच्या आसपास ठेवणे ठीक असते. ज्या खोलीत मंडळी गादीवर किंवा सतरंजीवर बसतात, तिथे मात्र तो चांगला सातआठ इंच खाली आणावा. आपल्याकडे चित्रे फार उंच टांगण्याची सवय आहे, कदाचित दारावरच्या तसबिरींमुळे असेल. पण देवादिकांची आणि पूर्वजांची तसबीर मान वर करून पाहायची असते, खण तसा पाहायचा नसतो.

मधल्या चौकटीचा खिळा सोफ्याच्या मध्यावर यावा आणि बाजूचे दोन खिळे त्यापासून २० इंचांवर. तिन्ही खुणा एका पातळीत आहेत की नाही, हे गवंड्याच्या पाणसळीने किंवा पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने तपासावे. फरशी किंवा छत पातळीत असेलच असे गृहीत धरू नये. पंख्याच्या वाऱ्याने चौकट हलत असल्यास खालच्या दोन्ही कोपऱ्यांमागे बुचाचे सेंटिमीटरभर जाड तुकडे चिकटवावेत. चौकट हलायची थांबते, शिवाय भिंत आणि कापड यांच्यामध्ये हवा खेळती राहते, आणि कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात याची फार गरज असते. ज्या बाहेरच्या भिंतीवर पश्चिमेचा पाऊस थेट आदळतो आणि ओल उतरते, तिच्यावर कापडी काहीही टांगू नये. चौकटीची मागची बाजू प्लास्टिकने बंद करणेही टाळावे, कारण आत ओल कोंडून बुरशी येते.

गोधडी किंवा वाकळ भिंतीवर लावायची असेल तर तिला चौकट आणि पिना दोन्ही नकोत. तिच्या वरच्या कडेला मागून मांजरपाटाचा तीन इंची नेफा हातशिलाईने जोडावा, टाके फक्त मागच्या थरात घ्यावेत आणि नेफ्यातून पडद्याची नळी किंवा वेळूची काठी घालून दोन हुकांवर ठेवावी. वजन सगळ्या रुंदीवर विभागले जाते आणि जुने टाके उसवत नाहीत.

निगा आणि बदल

थेट ऊन पडणाऱ्या भिंतीवर लाल आणि जांभळे खण लवकर विटतात. तिथे गेरूची चौकट लावावी, कारण माती उन्हाने विटत नाही. धूळ कोरड्या, मऊ ब्रशने वरून खाली झटकावी, ओले फडके लावू नये. पावसाळा संपल्यावर चौकटी उतरवून, पाठ उघडी राहील अशा रीतीने दिवसभर सावलीच्या वाऱ्यात ठेवाव्यात आणि तेव्हाच सैल झालेल्या जागी एखाददुसरी पिन मारावी. कापडाचा कंटाळा आला की वरच्याच पिना पक्कडीने काढाव्यात, अस्तर तसेच राहू द्यावे आणि त्यावर नवे कापड ताणावे. उतरवलेले कापड धुऊन पुन्हा कपाटात ठेवता येते. पिनांची छिद्रे कडेच्या तीन इंचांतच असतात.